जन्म नैरोबीत, पासपोर्ट कुणाचा?

पूर्व आफ्रिकेतील देश स्वतंत्र झाले तेव्हा तिथे पिढ्यानपिढ्या राहणाऱ्या भारतीयांचे, त्यात गोवेकरांचे, पुढे काय झाले, या विषयावर आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : आजोबांचा जन्म गोव्यातल्या सासष्टीतला, १९०५ चा. १९२८ मध्ये ते कारकून म्हणून नैरोबीला गेले. त्यांचा पासपोर्ट पोर्तुगीज. वडील १९३४ मध्ये नैरोबीत जन्मले, त्यांचा पासपोर्ट ब्रिटिश. आत्याचा जन्म १९३७ चा, मोम्बासातला. तिच्या कागदावर मात्र 'ब्रिटिश संरक्षित व्यक्ती' असे आहे. एकाच घरात हे तीन प्रकार कसे? — एक वाचक, मडगाव

तिन्ही कागद बरोबर आहेत. आपण ज्याला सरसकट केनिया म्हणतो तो ब्रिटिशांच्या दफ्तरी दोन तुकड्यांचा प्रदेश होता. आतला भाग १९२० पासून 'वसाहत', म्हणजे थेट राजाची भूमी. किनाऱ्याची साधारण दहा मैलांची पट्टी कागदोपत्री झांझिबारच्या सुलतानाची. ब्रिटिश तिचा कारभार बघत, म्हणून ती 'संरक्षित प्रदेश'. मोम्बासा या पट्टीत येते. वसाहतीत जन्मलेले मूल जन्मानेच ब्रिटिश प्रजाजन ठरे, आईवडील पोर्तुगीज असोत की आणखी कुणी. १९४८ चा ब्रिटिश राष्ट्रीयत्व कायदा १ जानेवारी १९४९ रोजी लागू झाला आणि अशा लोकांना 'युनायटेड किंगडम व वसाहतींचे नागरिक' हे नाव मिळाले. तुमचे वडील त्यातले. संरक्षित प्रदेशात जन्मलेल्याला हे नागरिकत्व जन्माने मिळत नसे. त्याला प्रवासाला कागद मिळे, परदेशात अडचण आली तर ब्रिटिश वकिलात मदत करी, पण तो नागरिक नव्हे. आत्या त्यातल्या. संपूर्ण युगांडाही संरक्षित प्रदेशच होता, त्यामुळे कंपाल्यात जन्मलेल्या गोवेकरांच्या कागदांवर हीच नोंद दिसते.

आजोबांचे प्रकरण वेगळे. गोवा पोर्तुगालकडे होता तोवर ते पोर्तुगीजच. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि मार्च १९६२ मध्ये भारत सरकारने गोवा, दमण व दीव यांच्यासाठी नागरिकत्वाचा आदेश काढला. २० डिसेंबर १९६१ पूर्वी या प्रदेशात जी व्यक्ती स्वतः, किंवा जिच्या आईवडिलांपैकी वा आजीआजोबांपैकी कुणी, जन्मले असेल ती भारतीय नागरिक मानली जाईल, असे त्यात होते. आधीचेच नागरिकत्व ठेवायचे असेल तर महिन्याभरात लेखी निवेदन द्यायचे होते. पोर्तुगालने मात्र गोव्यावरचे भारताचे सार्वभौमत्व १९७४ च्या अखेरच्या करारापर्यंत मान्य केले नव्हते. म्हणून मधली तेरा वर्षे नैरोबीतल्या गोवेकराला लिस्बन आपला म्हणे आणि दिल्लीही आपला म्हणे.

पेटीतले कागद वाचताना क्रम असा ठेवा. आधी प्रत्येकाचे जन्मस्थळ आणि तारीख बघा. बिऱ्हाड कुठे होते याला अर्थ नाही, जन्म कुठे झाला तेच धरतात. बाळंतपणासाठी आई मोम्बासाला गेली असेल तर मूल संरक्षित प्रदेशातले. १९२० पूर्वीचा जन्म असेल तर नैरोबीही वसाहत नव्हती, हे विसरू नका. मग आईवडिलांचे जन्मस्थळ. त्यानंतर पासपोर्ट कुणी दिला ते बघा : केनियाच्या गव्हर्नरने, की डिसेंबर १९६३ नंतर नैरोबीतल्या ब्रिटिश हाय कमिशनने. हा फरक क्षुल्लक वाटतो, पण १९६८ मध्ये त्यावर माणसांचे आयुष्य फिरले. पुढे त्याचे उत्तर आहे. शेवटी नागरिकत्व नोंदणीचे प्रमाणपत्र आणि जुने नागरिकत्व सोडल्याचे घोषणापत्र शोधा, आणि दोन्हींवरच्या तारखा शेजारी शेजारी लिहून ठेवा. लोक नेमके दुसरे पत्र टाकून देतात. नावांच्या लेखनातही घोळ असतो : पोर्तुगीज दाखल्यात आईचे आडनाव जोडलेले, ब्रिटिश दाखल्यात गाळलेले. एकच माणूस दोन वाटतो.

प्रश्न : केनियाच्या १९६३ च्या राज्यघटनेत वंशाचा उल्लेखच नाही. मग तिथल्या भारतीयांना वंशावरून वगळले गेले असे का म्हणतात? — एक विद्यार्थिनी, पुणे

उल्लेख नाही हे खरे. पण तरतूद कशी चालते ते बघायला हवे. १२ डिसेंबर १९६३ ला केनिया स्वतंत्र झाला. त्या दिवशी आपोआप नागरिक कोण झाले? जो केनियात जन्मला, आदल्या दिवशी ब्रिटिश नागरिक वा संरक्षित व्यक्ती होता, आणि ज्याच्या आईवडिलांपैकी किमान एक जण केनियात जन्मलेला होता तो. आफ्रिकी माणसाला ही अट जाणवतसुद्धा नाही. भारतीय कुटुंबे मात्र बहुतेक विसाव्या शतकात आलेली, त्यामुळे १९६३ मध्ये तरुण असलेल्या माणसाचे आईवडील कच्छात, पंजाबात किंवा बार्देशात जन्मलेले. तो स्वतः नैरोबीत जन्मूनही आपोआप नागरिक झाला नाही. त्याला नोंदणीचा हक्क होता, मुदत दोन वर्षे, म्हणजे १२ डिसेंबर १९६५ पर्यंत, आणि अट अशी की आधीचे नागरिकत्व सोडायचे. १९६२ च्या गणनेत केनियात सुमारे ८६ लाख लोक होते, त्यांत आशियाई १ लाख ७६ हजारांच्या आसपास. त्यांतल्या फार मोठ्या भागाला हा अर्ज करायचा की नाही हे ठरवावे लागले.

मुदतीत अर्ज का केले नाहीत, यावर 'त्यांना केनियाविषयी आपुलकी नव्हती' हे उत्तर आजही ऐकू येते. आम्हाला ते अपुरे वाटते. ब्रिटिश नागरिकत्व सोडणे म्हणजे परतीचा एकमेव दोर कापणे होते. जानेवारी १९६४ मध्ये झांझिबारला क्रांती झाली, केनियाच्या स्वातंत्र्याला जेमतेम महिना झाला होता. तिथल्या अरबांची आणि त्यांच्याबरोबर अनेक भारतीयांची कत्तल झाली. ही बातमी किनाऱ्यावरच्या प्रत्येक दुकानात पोचली. मग घराघरांत वाटणी झाली : दुकान ज्याच्या नावावर तो भाऊ केनियाचा नागरिक, बाकीचे ब्रिटिश. व्यापारी घर माल एकाच गलबतात भरत नाही, तसेच हे. आफ्रिकी शेजाऱ्याला मात्र त्यात एक पाय दाराबाहेर ठेवलेला माणूस दिसला. दोघांचे दिसणे खरे होते.

आफ्रिकी रागाची मुळे समजून घेतल्याशिवाय हा विषय कळत नाही. वसाहतीच्या राज्यात माणसांची उतरंड उघड होती. उंचावरची सुपीक जमीन गोऱ्यांसाठी राखीव. ती भारतीयालाही मिळत नसे, आफ्रिकी माणसाकडून तर ती काढूनच घेतलेली. शाळा, इस्पितळे वंशानुसार वेगळी. सरकारी नोकरीत तेच काम करणाऱ्या बिगरगोऱ्याला गोऱ्याच्या पगाराच्या तीन-पंचमांश पगार, हा नियम सरकारी पगारांचा विचार करणाऱ्या १९५४ च्या लिडबरी आयोगापर्यंत चालला. जमीन बंद असल्यामुळे भारतीय दुकानात आणि कचेरीच्या मेजावर गेले. आफ्रिकी शेतकऱ्याचा गोऱ्या मालकाशी रोज संबंध येत नसे. मका विकताना, कापड घेताना, दाखला काढताना समोर बसलेला माणूस भारतीय असे. वरच्या पायरीवरचा दिसत नाही, मधल्या पायरीवरचा रोज दिसतो.

१९६७ मध्ये केनियाने दोन कायदे केले. स्थलांतर कायद्याने नागरिक नसलेल्याला कामाचा परवाना लागू लागला, आणि तो त्या कामाला केनियन माणूस मिळत नसेल तरच. व्यापार परवाना कायद्याने मोठ्या शहरांच्या ठरावीक मध्यवस्तीबाहेर आणि ठरावीक जिनसांत नागरिक नसलेल्यांना खास परवान्याशिवाय व्यापार बंद. दोन्ही कायद्यांत शब्द 'नागरिक' आणि 'बिगरनागरिक' एवढेच. पण १९६३ ची अट, १९६५ ची मुदत आणि १९६७ चे कायदे एकापाठोपाठ वाचा, म्हणजे कोणती दुकाने बंद होणार हे कुणालाही सांगता आले असते.

प्रश्न : ब्रिटिश पासपोर्ट हातात असताना ब्रिटनने १९६८ मध्ये आपल्याच नागरिकांना कसे अडवले? — एक निवृत्त शिक्षक, नाशिक

तीन दिवसांत कायदा करून. आधीची पायरी १९६२ च्या राष्ट्रकुल स्थलांतर कायद्याची. त्याने वसाहतींतून येणाऱ्यांवर नियंत्रण आणले, पण ज्याचा पासपोर्ट खुद्द ब्रिटिश सरकारने दिलेला आहे त्याला वगळले. केनियाचा गव्हर्नर पासपोर्ट देत होता तोवर भारतीय माणूस नियंत्रणाखाली होता. देश स्वतंत्र झाला, गव्हर्नर गेला, आणि तोच पासपोर्ट नैरोबीतले ब्रिटिश हाय कमिशन लंडनच्या वतीने देऊ लागले. म्हणजे ज्याने केनियाचे नागरिकत्व घेतले नाही तो पासपोर्ट नवा होताच ब्रिटनमध्ये मुक्तपणे जाऊ शके. ही पळवाट नव्हती. कायद्याचा सरळ अर्थच तो होता, आणि १९६३ मध्ये दिलेल्या वचनाशी ते सुसंगत होते, असे इयन मॅक्लाउड या त्या काळच्या विरोधी बाकावरच्या माजी वसाहतमंत्र्यांनी उघड सांगितले.

केनियाचा स्थलांतर कायदा १ डिसेंबर १९६७ ला लागू झाला आणि विमाने भरून जाऊ लागली. जानेवारी-फेब्रुवारी १९६८ या दोन महिन्यांत सुमारे १२-१३ हजार लोक ब्रिटनला पोचले. गृहमंत्री जेम्स कॅलाहन यांनी फेब्रुवारीच्या अखेरीस विधेयक आणले आणि १ मार्चला कायदा झाला. अट एकच : नागरिक असलात तरी तुम्ही स्वतः, किंवा आईवडिलांपैकी वा आजीआजोबांपैकी एक जण, ब्रिटनमध्ये जन्मलेला, दत्तक घेतलेला किंवा तिथे नागरिकत्व मिळवलेला हवा. केनियातल्या गोऱ्या शेतकऱ्याकडे असा आजोबा होता. नैरोबीतल्या सोनाराकडे नव्हता. बाकीच्यांसाठी वर्षाला १,५०० कुटुंबप्रमुखांना खास व्हाउचर, म्हणजे ब्रिटनमध्ये येण्याचा परवाना, आणि लांबलचक रांग. व्हाउचर न घेता निघालेले कित्येक जण एका विमानतळावरून दुसऱ्यावर चेंडूसारखे टोलवले गेले.

आजोबांची ही युक्ती १९६८ मध्ये नव्याने सुचली असे नाही, याकडे अभ्यासकांचेही कमी लक्ष जाते. १९६३ च्या केनिया स्वातंत्र्य कायद्यातही ती होती. केनियाचा नागरिक झालेल्याचे ब्रिटिश नागरिकत्व जाईल, मात्र तो स्वतः, त्याचे वडील वा वडिलांचे वडील ब्रिटनमध्ये किंवा उरलेल्या वसाहतींत जन्मले असतील तर ते राहील, असे ते कलम. आईकडचे आजोबा त्यात धरलेले नव्हते, हेही ध्यानात घ्या.

युरोपीय मानवी हक्क आयोगापुढे पंचवीस-तीस जणांचे अर्ज गेले. डिसेंबर १९७३ मध्ये आयोगाने ही वागणूक वंशभेदावर आधारलेली आणि म्हणून मानहानीकारक ठरवली. तो अहवाल लोकांना वाचायला मिळाला १९९४ मध्ये.

प्रश्न : टांगानिकात एकेका मतदाराला तीन मते द्यावी लागत, हे खरे का? — एक वाचक, कोल्हापूर

खरे. टांगानिका म्हणजे आजच्या टांझानियाचा मुख्य भूभाग. तिथे १९५८-५९ च्या निवडणुकीत दहा मतदारसंघ होते, प्रत्येकात तीन जागा : एक आफ्रिकी, एक आशियाई, एक युरोपीय. मतदाराने तिन्ही मते द्यायची. एक जरी गाळले तरी मतपत्रिका बाद. मतदार होण्यासाठी आठवीपर्यंत शिक्षण, किंवा वर्षाला १५० पौंड उत्पन्न, किंवा ठरावीक पद लागे. ८६ लाखांहून अधिक आफ्रिकी आणि एक लाखाच्या आतले आशियाई आणि मूठभर युरोपीय यांना समान जागा, ही 'बहुवंशीय समानता'. डाव असा होता की सौम्य आफ्रिकी उमेदवारच निवडून येतील.

स्वातंत्र्यलढ्याचे नेते ज्युलियस न्येरेरे यांच्या टानू (टांगानिका आफ्रिकन नॅशनल युनियन) पक्षात यावर बहिष्काराचा मोठा आग्रह होता. जानेवारी १९५८ मध्ये टबोरा इथल्या अधिवेशनात न्येरेरे यांनी भाग घेण्याच्या बाजूने पक्ष वळवला. हे न पटलेले नेते झुबेरी म्टेम्वू फुटून बाहेर पडले. मग टानूने आशियाई आणि युरोपीय जागांसाठीही आपल्याला मान्य उमेदवार निवडले, आणि सक्तीची तीन मते टानूच्याच उपयोगी पडली. आशियाई जागेवरच्या सोफिया मुस्तफा या अशाच निवडून आल्या.

ऑक्टोबर १९६१ मध्ये, स्वातंत्र्याला दोन महिने उरले असताना, नागरिकत्व आफ्रिकी वंशाच्यांनाच द्यावे अशी मागणी विधिमंडळात झाली. न्येरेरे यांनी सरकारचा राजीनामा देण्याची धमकी देऊन ती हाणून पाडली. लोकप्रिय मागणीला स्वपक्षातच नकार देणे सोपे नसते. भारतीय वंशाचे अमीर जमाल पुढे कित्येक वर्षे तिथले अर्थमंत्री होते, ते या भूमिकेमुळेच शक्य झाले.

प्रश्न : औंधच्या अप्पासाहेब पंतांचा केनियाशी काय संबंध? — एक वाचक, सातारा

१९४८ ते १९५४ ते पूर्व आफ्रिकेतले भारताचे पहिले आयुक्त होते, मुक्काम नैरोबी. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांचे हे चिरंजीव. गांधीजींच्या सल्ल्याने औंधने १९३९ मध्ये सत्ता गावांच्या हाती देणारी राज्यघटना स्वीकारली, त्या प्रयोगात अप्पासाहेब होते. नेहरूंची भूमिका अशी की आफ्रिकेतल्या भारतीयांनी आफ्रिकी माणसाच्या डोक्यावर बसून कसलीही सवलत मागू नये. ती तिथे जाऊन सांगणे आणि आफ्रिकी नेत्यांशी घरोब्याचे संबंध जोडणे हे काम पंतांनी केले; किकुयू जमातीतल्या कोइनांगे या पुढारी कुटुंबाशी त्यांचे निकटचे नाते होते. आफ्रिकी विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारच्या शिष्यवृत्त्या याच काळातल्या. ऑक्टोबर १९५२ मध्ये ब्रिटिशांविरुद्धच्या माऊ माऊ या सशस्त्र उठावामुळे आणीबाणी आली, पुढे केनियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झालेले जोमो केन्याटा यांच्यावर कापेंगुरियाला खटला चालला. बचावाच्या वकिलांत दिल्लीहून आलेले दिवाण चमनलाल, नैरोबीचे अच्छरू कपिला, जसवंत सिंग आणि फिट्झ डिसूझा होते. पंतांचे आफ्रिकी नेत्यांशी असलेले संबंध ब्रिटिशांना खुपले, त्यांनी दिल्लीवर दबाव आणला, आणि १९५४ मध्ये पंत परत आले.

याच प्रश्नाच्या अनुषंगाने दोन नावे सांगायलाच हवीत. मक्खन सिंग या कामगार नेत्याने १९५० मध्ये नैरोबीत उघडपणे स्वातंत्र्याची मागणी केली. त्यापायी १९६१ पर्यंत, सुमारे अकरा वर्षे, ते बंदिवासात आणि स्थानबद्धतेत होते. पिओ गामा पिंटो नैरोबीत जन्मलेले गोवेकर. भारतात शिकताना गोव्याच्या मुक्तीलढ्यात पडले, अटक टाळून केनियात परतले, १९५४ ते १९५९ स्थानबद्ध राहिले, खासदार झाले आणि २४ फेब्रुवारी १९६५ रोजी घरासमोरच गोळ्या घालून मारले गेले. वय ३७. 'भारतीय कुंपणावर बसले होते' असे म्हणणाऱ्याने या माणसाचे आयुष्य एकदा बघावे.

प्रश्न : युगांडातून १९७२ मध्ये युगांडाच्या नागरिकांनाही हाकलले का? — एक वाचक, मुंबई

हुकूम नागरिकांसाठी नव्हता. ४ ऑगस्ट १९७२ ला युगांडाचा लष्करी हुकूमशहा इदी अमीनने ब्रिटिश पासपोर्टवाल्या आशियाईंना ९० दिवसांची मुदत दिली, लगेच भारत, पाकिस्तान व बांगलादेशाच्या नागरिकांना त्यात ओढले, मध्येच 'नागरिकही जातील' असे म्हटले आणि ते मागे घेतले. नागरिकांना फक्त कागद तपासून घ्यायला रांगेत उभे केले. घात त्या रांगेत झाला.

युगांडाच्या घटनेत, नोंदणीने नागरिक झालेल्याने तीन महिन्यांत जुन्या नागरिकत्वाचा त्याग करायचा होता. ९ ऑक्टोबर १९६२ नंतरच्या वर्षांत अनेकांनी अर्ज दिला, युगांडाचे प्रमाणपत्र मिळाले, पण ब्रिटिश त्यागपत्र चौथ्या महिन्यात पोचले, किंवा त्याची पोच जपून ठेवलेली नव्हती. दहा वर्षे त्यांनी कर भरला. तपासणीच्या मेजावर तारखा जुळल्या नाहीत म्हणून प्रमाणपत्र रद्द. ब्रिटिश नागरिकत्व आधीच सोडलेले. असे हजारो लोक एका सकाळी कुठलेच उरले नाहीत; त्यांना संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने ऑस्ट्रिया, इटली, माल्टा अशा ठिकाणच्या तात्पुरत्या छावण्यांत नेले. ब्रिटनने सुमारे २८ हजार लोक घेतले. लेस्टर शहराच्या कौन्सिलने तर 'इकडे येऊ नका' अशी जाहिरात कंपाल्याच्या वर्तमानपत्रात दिली होती.

मडगावच्या वाचकांना दोन तारखा शेजारी शेजारी लिहायला सांगितले ते यासाठी.

प्रश्न : व्हाउचरची रांग कधी संपली? — एक वाचक, ठाणे

रांग कागदोपत्री २००२ पर्यंत होती. १ जानेवारी १९८३ ला ब्रिटनने जुने नागरिकत्व तीन भागांत फोडले. पूर्व आफ्रिकेतल्या उरलेल्या लोकांना 'ब्रिटिश ओव्हरसीज सिटिझन' हे नाव आले, आणि त्याने ब्रिटनमध्ये राहण्याचा हक्क मिळत नसे. २००२ मध्ये व्हाउचर योजना बंद करून नवा कायदा केला : ज्या ओव्हरसीज नागरिकाकडे दुसरे कुठलेच नागरिकत्व नाही, आणि त्याने ४ जुलै २००२ नंतर आपण होऊन ते सोडलेले नाही, तो ब्रिटिश नागरिक म्हणून नोंदणी करू शकतो. ही तरतूद ३० एप्रिल २००३ पासून चालू आहे. इथे गोव्याच्या कुटुंबांनी थांबून विचार करावा : १९६२ च्या भारतीय आदेशात आजीआजोबांपर्यंतचे शब्द असल्यामुळे 'दुसरे नागरिकत्व नाही' हे सिद्ध करणे त्यांना जड जाते. अर्जाआधी आजीआजोबांचे जन्मदाखले आणि महिन्याभरात दिलेले निवेदन असल्यास त्याची प्रत घेऊन जाणत्या वकिलाला दाखवा.